फोन का करत नाही ते

छकुलीच्या आईस,

दुरूनच, पण मनापासून नमस्कार. तुला दम लागणं थांबलं का?

इथे उन्हाळा दरवर्षी चढतोच आहे. लोकांना घाम, आपल्या एसी दुरुस्तीला बरकत!

मागचा ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. पूर्वी मी दारातूनच मशीनचं दुखणं ओळखायचो. आता तळहात टेकवून थरथर चाचपतो. गिऱ्हाईक कानाशी ओरडतं, "मिस्त्री, दुरुस्ती करताय की आशीर्वाद देताय?"

परवा फोनवर छकुली गात होती म्हणे. मला नुसती घरघर. उरलंसुरलंही जाईल, म्हणतात डॉक्टर.

तिला पत्रं लिहायला सांग. तिचा आवाज आठवतोय, तोवर वाचताना ऐकू येईल.

तुझाच,
एकेकाळचा तिखट कानांचा