सरांच्या मागून येणारी मुलगी

पिंपरी, मंगळवार, जून १९५६

आज रजा होती, म्हणून निर्वासितांच्या कॅम्पातल्या शाळेत जाऊन इंदूताईंना भेटून आलो. पंचवीस वर्षांनी. बी.ए.च्या वर्गात आम्ही सगळे मुलगे आणि या एकट्या. सर येईपर्यंत लेडीज रूममध्ये थांबायच्या, मग खाली मान घालून त्यांच्या मागून वर्गात यायच्या. तास संपला की त्यांच्या मागूनच जायच्या. आमच्यापैकी कोणी कधी त्यांच्याशी एक शब्द बोललं नाही. गणितात पहिल्या मात्र त्याच.

आता मुख्याध्यापिका आहेत. तिथली मुलं शिकवायची म्हणून चाळिशीत सिंधी शिकल्या. माझ्याने झालं असतं? छे.

घंटा झाली तशा त्या वर्गाच्या दाराशी उभ्या राहिल्या. आधी सगळ्या मुली आत गेल्या, मग मुलगे, शेवटी त्या.

"हा नियम कधीपासून?" मी विचारलं.

"नियम कसला, जोशी. मला मागून जायची सवयच आहे," त्या हसून म्हणाल्या. मान ताठ.

येताना सारखं तेच डोळ्यांपुढे. खाली मान, सरांच्या मागून. आमची लेक कुसुम मॅट्रिक झाली, आणि मी घरात कॉलेजचं नाव काढू देत नाही. का? लोक काय म्हणतील, एवढंच.

घरी पोचलो तर कुसुम नळावरून पाणी घेऊन येत होती. मला पाहून नेहमीसारखी दाराशी बाजूला झाली.

म्हटलं, "तू हो पुढे. उद्या पुण्याला कॉलेजात चौकशी करून येऊ."

मी थांबलो. तिला पाऊल उचलायला जरा वेळ लागला.