ओढ्याअलीकडचं बिऱ्हाड

माघ शुद्ध द्वितीया, शके १८५८

पोचलो एकदाचे! जालन्याला आगगाडी सोडली, वाटेत एक मुक्काम केला आणि आज तिसऱ्या प्रहरी कचरू गाडीवानाने आम्हाला टेंभुर्णीत आणून उतरवलं. हैदराबाद सोडून कुठं राहायचं याचा खल वर्षभर चालला होता. दिवाळीनंतर मी एकटाच गावं बघून गेलो होतो. आष्टीचा बाजार मोठा, पण गलबला फार. कुंभार पिंपळगावात माणसं चांगली, पण मिळत होतं ते घर अंधारं. इथं आलो आणि जीव रमला. अर्ज लिहून पोट भरणाऱ्याला गाव कुठलंही चालतं. कज्जे सगळीकडेच असतात.

दोन खोल्यांचं माळवदाचं घर आहे. वर चढलं की चहूकडे शाळू डोलताना दिसतो, पलीकडे निळ्या टेकड्या. समोरून ओढा जातो. गाडीवाट त्याच ओढ्यातून आहे. सध्या त्यात नुसते गोटे आणि ऊन. भाडं इतकं कमी की मी घरमालकीण गोजरबाईंना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, रिकामं घर खायला उठतं.

सगुणा माळवदावर कितीतरी वेळ उभी होती. हैदराबादेत काचीगुड्याच्या खोलीत आमची लेक कुसुम गाठीच्या तापाने गेली, तेव्हापासून माझ्या बायकोचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. इथं लागेल.

माघ शुद्ध षष्ठी

लागला! सगुणा दुपारीसुद्धा झोपते. गोजरबाई भाकरी-ठेचा आणून देतात, काल शेतात नेऊन हुरडा खाऊ घातला. बाई एकट्याच आहेत. जात्यावर बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं की त्यांची लेक आसराबाई आणि जावई बद्रीनाथ याच घरात राहायचे. एका पावसाळ्यात ओढ्याला पूर असताना दोघं जालन्याला निघाले. बाईंनी अडवलं, पण त्यांनी ऐकलं नाही. गाडी सापडली, बैल सापडले. ती दोघं सापडली नाहीत. हे सांगताना बाईंचा हात जात्यावरून ढळला नाही.

माघ पौर्णिमा

गोजरबाईंनी सगुणाला हिरवं लुगडं दिलं. लेकीचंच असावं. आता त्या तिला आसरा म्हणतात. मला ते रुचलं नाही, पण सगुणा म्हणाली, म्हणू द्या, म्हातारीला तेवढंच सुख. खरं आहे. पण विहिरीवर शेजारची झुंबरबाईही तिला त्याच नावाने हाक मारते. मेंढ्या राखणारा रखमाजी मला जावाई म्हणाला. मी माझं नाव राधाकिसन आहे असं सांगितलं तर तो हसायला लागला. “थट्टा करून राह्यले का, बद्रीनाथराव?”

माघ वद्य तृतीया

सगुणाची बोली बदलली आहे. “काहून”, “मंग”, “आल्ते”. गंमत म्हणून बोलत असेल असं वाटलं होतं. आज ती झुंबरबाईला एका तांबड्या कालवडीची गोष्ट सांगत होती, लहानपणी कशी मागं लागली होती, कशा या दोघी बाभळीवर चढल्या होत्या. झुंबरबाई हसून हसून मान डोलवत होती. सगुणाचं बालपण गुलबर्ग्यात गेलं. तिच्या घरी कधी गाय नव्हती.

संध्याकाळी मी कुसुमचा विषय काढला. ती पीठ मळत होती. तिने विचारलं, “कोन कुसुम?”

दुःख लपवत असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं दुःख नव्हतंच.

माघ वद्य षष्ठी

इथून निघायचं. सकाळीच कचरूकडे गेलो, गाडी जुंप म्हटलं. तो म्हणाला, “ओढ्याला पानी लई हाय, जावाईबापू. बैल बुडतीन.”

मी त्याला हाताला धरून ओढ्यावर नेलं. कोरडे गोटे. मधोमध एक शेळी पाला खात होती. कचरू काठावर थांबला आणि त्याने धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

मी ओढ्यात उतरून चालू लागलो. मागून आरडाओरडा झाला. बायका ऊर बडवू लागल्या. रखमाजीने आपली घोंगडी माझ्याकडे फेकली, धरा म्हणाला. आधी हसू आलं, मग भीती वाटली, आणि मी परत फिरलो. सगुणाला टाकून जाणार तरी कुठं? काठावर गोजरबाईंनी माझे पाय पदराने पुसले. पाय कोरडेच होते. मग त्यांनी पदर पिळला.

पाणी गळलं. मी पाहिलं.

धाकटा भाऊ रामकिसन शिवरात्रीला भेटायला येणार आहे. तो आला की त्याच्याबरोबर निघू. तोवर शांत राहायचं.

माघ वद्य नवमी

शांत राहवेना. सगुणाला दंडाला धरून ओढ्यापर्यंत ओढत नेलं — दुपारी, सगळ्यांदेखत. तिने बाभळीला मिठी मारली. “आये, ह्ये मला पुन्हा बुडवतेत!” — पुन्हा म्हणाली. गोजरबाईंनी तिला पोटाशी घेतलं. मला कुणी मारलं नाही. झुंबरबाईने फक्त कोरडं धोतर आणून दिलं.

माझं कमरेपर्यंत भिजलं होतं.

माघ वद्य एकादशी

आवाज. भर उन्हात, ओढ्याकडून. आधी वारा वाटला, शाळूतला — वारा नाही. जेवताना, अर्ज लिहिताना — कुणाला विचारत नाही, कारण ते हो म्हणतील.

वद्य द्वादशी

मागची पानं वाचली. कुसुम कोण, ते आसराला विचारावं म्हटलं —

सगुणाला. सगुणाला.

वद्य त्रयोदशी

बरं वाटतंय. गोजरबाईंनी — आयनं — पुरण केल्तं. पाणी उतरंल तवा जाऊ, घाई कशाची. कुठं जायचं होतं ते —

शिवरात्र

माळवदावर बसून लिहून राह्यलो. खाली समदं गाव काठावर जमलंय. पल्याडच्या काठाला एक मानूस आलाय, शहरातला, डोईवर काळी टोपी. राधाकिसनदादा, राधाकिसनदादा म्हनून हाका मारतोय. या नावाचं इथं कुनी न्हाई. कचरू वरडून राह्यला की उतरू नका, लई पानी हाय. त्यो हसतोय. म्हनतो, कुठंय पानी?

उतरला. गुडघ्याला लागलं तरी त्याचं हसनं थांबंना.

आसरा खालून मला बोलवून राह्यली, दोर आना म्हनते. जातो. पन त्याचं तोंड — ह्ये तोंड मी कुठं तरी —

छातीला लागलं. आता हसत न्हाई. माझ्याकडंच पाहून राह्यला, हात वर करून, दादा म्हन