बारा मार्चला उंबरठा

करी रोड,
२ मार्च २०२६

चि. अपेक्षा हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

शेवंताच्या पाटीतून पत्र पाठवतेय. ती मासळी घेऊन तुमच्या नायगावच्या पोलीस क्वार्टर्समध्ये जातेच. फोनवर मला नुसता भुंगा ऐकू येतो. चौथीपर्यंत शिकलेय, चुका काढत बसू नकोस.

काल तुझा नवरा स्वरूप येऊन कानाशी ओरडून गेला, डॉक्टरने सिझरला बारा मार्च दिलाय म्हणून. ओरडताना हसत होता. हसू दे. त्र्याण्णव साली बॉम्ब फुटले त्या बारा मार्चला तुझे आजोबा वरळीला बसमध्ये होते. डबा आला परत, माणूस नाही आला. मग माझी धाकटी जाऊ शांता, तीही बारा मार्चलाच गेली. आजोबा गेल्यापासून त्या दिवशी आपल्या घरातलं कोणी उंबरठा ओलांडत नाही, हे तुला दुधाबरोबर पाजलंय.

डॉक्टरला सांग, तारीख बदल. त्याला काय, त्याच्या घरातलं कोण गेलं नाही.

सुरमईचे डोके पाठवलेय. तिखट कमी घाल.

माया आहे म्हणून बोलते, राग धरू नये.
तुझी आजी

---

नायगाव,
५ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझ्या बारा तारखेचं मोबाईलवर बघितलं. त्याच दिवशी गांधीजी दांडीला मीठ उचलायला निघाले. उंबरठा ओलांडला म्हणून तर पोचले ना? यशवंतराव चव्हाणांचा जन्मही बारा मार्चचा. म्हणजे त्या दिवशी माणसं नुसती मरत नाहीत, म्हातारे. आणि शांताआजी तर दार लावून घरातच गेली होती, हे तू सोयीने विसरतेस.

हे सगळं मी स्वरूपला हसत वाचून दाखवलं. रात्री मात्र झोप लागली नाही. आजोबांचा तो डबा मी पाहिलाय ना, माळ्यावरचा.

शेवटी डॉक्टरीण बाईंना सांगितलं, तेराला येते. त्या चिडल्या. बाळाभोवतीचं पाणी कमी होतंय म्हणाल्या, एक दिवसही वाढवू नये. पण मी हट्ट धरला तेव्हा म्हणाल्या, हालचालीवर लक्ष ठेव, जरा कमी वाटली तर लगेच ये. स्वरूप माझ्याशी बोलत नाहीये. तू तरी खूष हो.

आशीर्वाद असू द्यावा, शिव्या थोड्या कमी.
तुझी अपेक्षा

---

करी रोड,
७ मार्च

चि. अपेक्षा हिस आशीर्वाद.

बरं केलंस. गांधीजींना बाळंत व्हायचं नव्हतं, त्यांची गोष्ट वेगळी. बाराला दाराला आतून कडी घाल, गॅलरीतसुद्धा उभी राहू नकोस. स्वरूप बोलत नसेल तर तेवढीच शांतता.

आजी

---

नायगाव,
११ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

बॅग भरून ठेवलीय. स्वरूपची आज-उद्या बंदोबस्ताची ड्युटी आहे, परवा सकाळी तो येईल आणि आम्ही निघू. उद्या कडी लावून बसते, तू म्हणतेस तशी.

बाळ फार शहाणं झालंय. परवापर्यंत लाथा मारून जीव खायचं, काल थोडं धडपडलं, आज गप्प आहे. झोपत असेल ना गं? तुला पाच झाली, तुला माहीत असेल. स्वरूपला सांगितलं नाही, उगाच ड्युटी सोडून धावत येईल.

मला भीती वाटतेय, आजी. तारखेची की कशाची, ते कळत नाही.

तुझी अपेक्षा

---

१२ मार्च, हॉस्पिटलच्या बाकावरून

चि. अपेक्षा हिस,

तू आत आहेस. आयाबाईकडे हा कागद देऊन ठेवते, शुद्धीवर आलीस की वाच.

तुझं पत्र शेवंताने आज सकाळी आणलं. मी कडी काढली नाही, खिडकीतूनच घेतलं. वाचलं आणि तिला विचारलं, बाळ गप्प झालंय म्हणजे काय गं. ती मासे निवडता निवडता ओरडून म्हणाली, टोपातलं पाणी आटलं की जिती मासळी आधी धडपडते, मग गप्प होते. तिला काहीच ठाऊक नव्हतं, ती आपली मासळीचं बोलली. मला तुझ्या आधीच्या पत्रातलं ते बाळाभोवतीचं पाणी आठवलं.

उंबरठ्यापाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवंता म्हणते मी दाराला शिव्या देत होते. मग टॅक्सी केली. तू दार उघडून, आजी आज बारा तारीख, असं म्हणालीस तेव्हा तुझ्या कानाखाली द्यावीशी वाटली. तुझ्या नाही, माझ्याच. जिन्यात तुझा हात घट्ट धरलेला, तो तुला धीर द्यायला नव्हता, मला पडायचं नव्हतं.

डॉक्टरीण बाई मला बोलल्या. तोंडावरून दिसलं काय बोलल्या ते. मी मान खाली घालून ऐकलं, सवय नाही तरी.

मुलगी आहे. एवढीशी, जांभळी. रडली का मला कळलं नाही, आयाबाईला विचारलं तर म्हणाली थोडं रडली. लगेच काचेच्या पेटीत नेलं. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, डॉक्टरीण बाई म्हणाल्या. स्वरूप गणवेशातच आलाय, भिंतीला टेकून उभा आहे, माझ्याकडे बघत नाही. बरोबर आहे त्याचं.

आता दरवर्षी याच दिवशी आजोबांच्या फोटोला हार घालायचा आणि हिला केक कापायचा. ते मी बघेन कसं करायचं. आधी ही राहू दे.

सिस्टर दोनदा म्हणाली, आजी घरी जा. मी म्हटलं, हा दिवस अजून संपलेला नाही. संपेपर्यंत मी त्या पेटीकडे पाठ करणार नाही.

माया आहे, ते लिहायला नको. जाग आली की पाणी विचारून पी.
तुझी आजी