मेणाची दिली होती, खरी नव्हे

१४ मे, बुधवार

वहीबाई, काल मी काय सांगितलं ते आठवतं का? नाही आठवणार. मिटली की तुझं डोकं रिकामं, आमच्या मॉरिससारखं. तो माझा मुलगा, तू माझी वही, दोघांना रोज नव्याने सांगायचं.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात कॅरिसा लिहिते. आज ती मान खाली घालून लिहितेय, कारण बातमी तिचीच आहे. बँकेतली नोकरी सोडून, लग्नबिग्न न करता चर्चची सिस्टर व्हायचं म्हणते. तलासरीकडच्या पाड्यांवर सिस्टरांचा दवाखाना आहे, तिथे. जूनमध्ये. कायमची!

लिही — आजी संतापली आहे. मोठ्या अक्षरात लिही.

१५ मे, गुरुवार

सूनबाई डोरिस मासे साफ करता करता रडते. मॉरिस माझ्या खोलीत येऊन हळूच म्हणतो, "आई, माझ्याच्यानं तिला नाही म्हणवत नाही. तू म्हण. तुझ्या आशीर्वादाशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही." म्हणजे देवाशी भांडायला म्हातारीला पुढे केलं! चर्चच्या सणाला, फिस्टच्या बॅनरवर नाव हवं तेव्हा बरा स्वतः पुढे असतो.

पण म्हटलं, ठीक. नाहीच देणार.

आमच्याकडे संध्याकाळी रोझरीची माळ जपून झाली की लहानांनी वाकायचं, मोठ्यांनी कपाळावर क्रूस काढायचा. कॅरिसा वाकली. मी हात पदराखाली ठेवला. ती तशीच थोडा वेळ वाकलेली. मग उठून भांडी घासायला गेली.

१६ मे, शुक्रवार

हात पदराखालीच.

१८ मे, रविवार

चर्चमध्ये मिस्साला फादर म्हणाले, देवाला उरलंसुरलं देऊ नका, सगळं द्या. फादरना काय जातं सांगायला! त्यांना कुठे नात आहे!

गॅलरीत शेजारची सुभद्रा कपडे वाळत घालत होती. तिला सगळं कळलेलं. म्हणते, "मावशी, आमच्या पोरी सासरी जातात, तुमची देवाकडे. जावई तरी कुरकुर करणारा नाही." मला हसू आलं. मग हसले म्हणून आणखी राग आला.

२१ मे, बुधवार

माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या प्रार्थनेला, नोव्हेनाला गेले आणि मरियामातेशी भांडून आले. ओठ हलवत, मोठ्यानं नाही. बाजूच्या बाईला वाटलं, केवढी भक्ती!

भांडण असं. कॅरिसा सातव्या महिन्यातच जन्मली, मुठीएवढी. डॉक्टरांनी आशा सोडलेली. मी वांद्र्याच्या डोंगरीवर, मरियामातेच्या चर्चमध्ये गेले, मेणाची बाहुली वाहिली, म्हटलं, ही तुझी. पोर जगली. आता सांगा, पाय दुखला की आपण मेणाचा पाय वाहतो, घर हवं तर मेणाचं घर. देवानं नंतर कोणाचा खरा पाय मागून घेतलाय का? कोणाची खोली? मग माझ्याच दारात हे काय? मेण दिलं होतं, पोरगी नव्हे!

घरी येऊन हे सगळं लिहायला लावलं. कॅरिसानं पेन खाली ठेवलं. "आजी, ही तुझी म्हणालीस ना, तेव्हा कोणाबद्दल म्हणत होतीस? मेणाबद्दल की माझ्याबद्दल?"

हे लिहू नकोस म्हटलं. तिनं लिहिलं.

२२ मे, गुरुवार

आज काही सांगायचं नाही. वही मीट.

२५ मे, रविवार

रोझरी मीच चालवली. 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणताना "तुझी इच्छा" इथपर्यंत आले आणि जीभ थांबली. डोरिसला वाटलं, विसरले. विसरेन कशी! आयुष्यभर घडाघडा म्हणत आले, कोळणीला "ताजे आहेत ना गं" विचारतात तसं. उत्तराची वाट कोण बघतंय! आज मात्र वाटलं, तो ऐकतोय. त्याच्या तोंडावर खोटं कसं बोलू?

मॉरिस पुढची ओळ म्हणायला लागला. त्याला गप्प केलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. खाली कोणाचा तरी कुकर वाजला, तोही थांबला.

मग म्हटलं, "पूर्ण होवो."

रागातच म्हटलं. गोड आवाज काढायला मी काही देवदूत नाही. पण सगळं म्हटलं, अर्धं ठेवलं नाही.

कॅरिसा वाकली. तिच्या कपाळावर क्रूस काढला. अंगठा जरा जोरातच दाबला.

आता रडून पान भिजवू नकोस. शाई पसरेल.

१५ जून, रविवार

डोरिस, पेन असं आवळू नकोस, मोडेल. अक्षर कसं का येईना, मला कुठे वाचायचंय! लिही — उद्या मॉरिस तलासरीला जातोय. मैद्याचे फुगे तळ, मोठा डबा भरून. सोबत सुकटीची चटणी. आणि डब्यावर कॅरिसाचं नाव घालू नकोस. तिथे जिला भूक असेल ती खाईल.