भजनाच्या कॅसेटची दुसरी बाजू

आप्पा,
काल मी परड्यात असताना तुम्ही वखारीला निघालासा आणि सवयीनं मेन स्विच पाडलासा. कॉम्प्युटरवर दुपारभर टाईप केलेला प्रोग्रॅम उडाला, म्हणून मी लई ओरडले. चूक माझीच. कारखान्यात चिपमध्ये भरलेलं तेवढंच करंट गेला तरी राहतंय. आपण टाईप केलेलं कॅसेटवर उतरवून ठेवायला लागतंय.

सकाळी सगळं परत टाईप केलं आणि तुमच्या भजनाच्या कॅसेटच्या कोऱ्या बाजूवर उतरवलं. मशीन मुद्दाम बंद करून बघितलं. कॅसेट लावल्यावर सगळं परत आलं!

ती घेऊन बेळगावला चाललेय. कॉलेजच्या प्रदर्शनात आज चार वाजता कॉम्प्युटरला जोडलेल्या टीव्हीवर पहिलं तुमचं नाव उमटंल. नवा पटका बांधून या.

तुमची सवय चिपमधलीच हाय, जायची न्हाय. निघताना मेन स्विच बिनघोर पाडा.

तुमची मालन