तूर आणि सरकीची निवडणूक

सर,

आज वर्गात काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही. म्हणून आल्या आल्या पर्स खुर्चीत टाकली, चहासुद्धा ठेवला नाही आणि लिहायलाच बसले. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आजचा तास अगदी तुमचा होता हो! मी अकोल्यात अकरावीला इतिहास शिकवते. धडा तोच, जो तुम्ही अमरावतीला आम्हाला शिकवला होता : हिंदू आणि मुसलमान ही दोन वेगळी राष्ट्रं आहेत, ही कल्पना इंग्रजांच्या काळात कशी रुजली. आमचे प्राचार्य म्हणाले, "मॅडम, गाव आत्ता कुठे शांत झालंय. या धड्याच्या नोट्स देऊन टाका, चर्चा नको." माणूस वाईट नाही, घाबरलाय. गावात दगडफेक झाल्यापासून माझा वर्गच दोन भागांत बसायला लागला होता. डावीकडे हिंदू पोरं, उजवीकडे मुसलमान पोरं, मधली रांग रिकामी. तसं बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. रोज ते बघून जीव तुटायचा माझा. नोट्स दिल्या तर ही पोरं अशीच बसून अशीच पास होणार, आणि बोलायला गेले नि उलटलं तर माझ्याच वर्गात डोकी फुटणार. काही सुचेना, तेव्हा तुम्ही आठवलात.

तुमचा तो तास अजून लख्ख दिसतो. तुम्ही वर्गात येता, डस्टर टेबलावर आपटता आणि जाहीर करता, "पोट्टेहो, आज मॉनिटरची निवडणूक! पन खिडकीवाल्यानं खिडकीवालाच निवडाचा, दारावाल्यानं दारावालाच." वर्गात पंखा एकच, आणि त्याच्याखाली कोणी बसायचं ते या दोघा मॉनिटरांनी ठरवायचं. झालं! दोन्हीकडे जो समोरच्यांना जास्त शिव्या घालेल तोच दणक्यात निवडून आला. आठवडाभरात आम्ही एकमेकांना पाणी विचारेनासे झालो. मी तर इतकी पेटले की शाळा सुटल्यावर थेट तुमचं घर गाठलं. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होता, तुमच्या घरच्या, आम्हा सगळ्यांच्या चाची, भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "सर, दारावाले जातीचेच लबाड!" तुम्ही मान वर न करता विचारलं, "काहून वं पोरी, तुहा चुलतभाऊ दारावालाच हाय ना? तो कवापासून लबाड झाला? सोमवारपासून?" चाचींना इतकं हसू आलं की तव्यावरची भाकर करपली. मला मात्र कुठे तोंड लपवावं ते कळेना. तुम्ही तीच करपलेली भाकर मोडून अर्धी माझ्या हातात दिलीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात उलगडून सांगितलं. इंग्रजानं मुसलमानांचे मतदार वेगळे काढले. "जो कमी असते त्याले भेव वाटते, ते भेव खोटं नोतं," हे तुम्ही आधी सांगितलंत. मग म्हणालात, "पन मत मांगाले दुसऱ्याच्या दारात जाचं कामच सरलं, तं मानूस त्याच्याबद्दल काईबी बोलते. मंग दोनी बाजूचे शायने म्हनाले, आमी येगळी राष्ट्रं. अन् आपलं वऱ्हाड पाहा! कागदावर निजामाचं, राज्य इंग्रजाचं. सांगा आता, आपून कोन्या राष्ट्राचे?" मागून एक जण ओरडला, "आमी पंख्याखालचे!" तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं हसलात.

तर आज मी पिशवीत तुरीचे दाणे आणि कापसाच्या सरक्या घालून नेल्या. न बघता एकेक काढा म्हटलं. तूरवाले एकीकडे, सरकीवाले दुसरीकडे. बसायच्या जागा एका झटक्यात विस्कटल्या! सहलीची बस एकच; सेमाडोहच्या जंगलात जायचं की बाळापूरचा किल्ला बघायचा, ते दोन पुढाऱ्यांनी ठरवायचं, आणि मत फक्त आपल्या दाण्याला. सर, काय सांगू! दहा मिनिटं नाही झाली तर सरकीकडून उभा राहिलेला पोट्टा बाकावर चढून ओरडतोय, "तूरवाल्याईचा काय भरोसा? आपून सरकीवाले पयलेपासून येगळे!" आणि खाली टाळ्या पिटणारे कोण? कालपर्यंत एकमेकांकडे न बघणारे! मग मी नियम बदलला. आता दोन्ही पुढारी सगळ्यांनी मिळून निवडायचे. तो बिचारा बाकावरून उतरला, तूरवाल्यांकडे गेला आणि म्हणाला, "भाऊ, डाळीबिगर जेवन हाय का?" वर्गात असा हशा फुटला की प्राचार्य धावत आले! मारामारी समजून आले, आणि दारात उभे राहून तेही हसायला लागले. मी नाचायचीच काय ती बाकी होते. मग धडा शिकवला, पूर्ण शिकवला, एक शब्द न गाळता. घंटा झाल्यावर काही जण गुपचूप जुन्या जागी गेले, तेही पाहिलं मी. पण काही नाही गेले, सर!

धड्याच्या शेवटी तुमच्याबद्दल सांगितलं. तुम्ही मुसलमान होता, फाळणीच्या वेळी लहान होता, तुमचे मामा कराचीला गेले आणि तुमचं घर इथंच राहिलं. तेव्हा शेवटच्या बाकावरच्या एका मुसलमान मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमी त्याईले कधी इचारलं, ते काहून नाही गेले?" मी गडबडले. म्हटलं, नाही गं, विचारायचं कधी सुचलंच नाही. तुम्ही आमचे सर होता, तुम्ही कुठे जाणार होता? ती म्हणाली, "बरं केलं मॅडम. आमाले सारेच इचारतात."

सर, हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर खोटं कशाला बोलू? तिनं एवढं सांगूनही, घरी येऊन कागद घेतला तो तुम्हाला हेच विचारायला. नाही विचारत.