मोठीच्या कानामागचा खड्डा

आत्याबाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुमची सून आज हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर तुम्हाला लिहायला बसली आहे. नवा कागद कशाला नासायचा, असं तुम्हीच म्हणाला असता.

माझ्या डोक्याचं ऑपरेशन झालं. फेफऱ्याचे झटके गोळ्यांना जुमानेनात, म्हणून मेंदूच्या उजव्या बाजूचा एक तुकडा काढला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "काकू, नावं, शब्द, बोलणं राहील. पण चेहरे, नक्ष्या, डोळ्यांनी पाहिलेलं आठवायला जड जाईल." मी म्हटलं, झटके थांबू द्या, बाकी देव पाहील. थांबले. आता पुन्हा एकटी गॅसपुढे उभी राहते, हे काय थोडं आहे? शेजारणीला मात्र ती बोलेपर्यंत ओळखत नाही.

मग भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या, मोठी आणि धाकटी, दोघी गौरी. तुमची नातसून नवी, तिचं पहिलंच वर्ष. साड्या नेसवून झाल्या, मी पितळी मुखवटे फडक्यातून काढले आणि हात तिथंच थांबला. तीस वर्षं एका नजरेत ओळखलेल्या दोघी मला अनोळखी. "आई, यातली मोठी कोणती?" पोरगी विचारते आहे. मी तुमच्या मुलाकडे पाहिलं. "मले काय विचारतं? मले तं दोघी जुळ्याच दिसतात," म्हणत ते केळीचे खांब बांधायला सटकले. मोठीच्या जागी धाकटी बसली तर? आणि आज मलाच सांगता आलं नाही, तर पुढे या घरात कोणालाच कळणार नाही.

डोळे मिटले. चेहरा काही आला नाही, तुमचासुद्धा नाही. फोटोसमोर असले की तुम्ही दिसता, नजर वळली की पुसलं जातं. पण आवाज आला, रागावलेलाच. मोतीबिंदू झाल्यावर तुम्ही मुखवटे चाचपत बसायच्या. एकदा मी म्हटलं, "द्या इकडे, मला दिसतं ना." तुम्ही माझा हात झटकला. "डोयाचा भरोसा धरू नोको वं! बोट लाव. मोठीच्या कानामागं खड्डा हाय. मी नवी होती तवा चिंचेनं घासता घासता माह्या हातून पडली. कोणाले सांगू नोको, नाही तं पाहून घेईन."

तेव्हा राग आला होता मला. आज कळतं, नुसतं दाखवून ठेवलं असतं तर ते त्या तुकड्यासोबत गेलं असतं. तुम्ही बोलून ठेवलंत, म्हणून उरलं.

बोट लावलं. खड्डा सापडला. मोठी मोठीच्या जागी बसली, आणि मी सूनबाईचंही बोट तिच्या कानामागं टेकवलं.

"अगंबाई! हा पाडला कोणी?" ती म्हणाली.

आत्याबाई, तुमचं नाव घेतलं नाही. मीच पाडला म्हटलं, तेही महालक्ष्म्यांसमोर. आता ही वही वरच्या फळीवर ठेवते. सूनबाईला वाचायची फार हौस आहे.